डिस्ट्रिक्टच्या मार्केटवर ७२ सेंट दिसले म्हणजे जिंकायची शक्यता ७२ टक्के का?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या एका काँग्रेशनल डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे मतदारसंघाच्या) प्रेडिक्शन मार्केटवर, जिथे निकालावर पैसे लावतात, एका उमेदवाराचा भाव ७२ सेंट दिसतोय, तर त्याची जिंकायची शक्यता ७२ टक्के असं सरळ धरायचं का, आणि २०२२ ला निवडून आलेले मराठी डेमोक्रॅट श्री ठाणेदार यांच्या मिशिगन १३ सारख्या डिस्ट्रिक्टमध्ये हे भाव वाचायचे कसे. हाऊसच्या (अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहाच्या) निवडणुकांच्या काँट्रॅक्टचे भाव काढणं हेच माझं रोजचं काम आहे, बरीच वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रेसिडेंटच्या मार्केटवर असं धरलं तर फार चुकत नाही. डिस्ट्रिक्टच्या मार्केटवर मात्र लगेच धरू नका, आधी ऑर्डर बुक (कोण किती भावाला घ्यायला-विकायला उभं आहे ती यादी) उघडून बघा, मग नियम अक्षरन् अक्षर वाचा, आणि पैसे किती महिने अडकणार ते बघा. ही तीन कामं न करता स्क्रीनवरचा आकडा 'सर्व्हे' म्हणून व्हॉट्सॲपवर फिरवणारे लोक बघितले की मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या आकड्यावर विश्वास ठेवून कोणीतरी खरे पैसे लावतं.

काँट्रॅक्ट साधं असतं, येस म्हणजे जिंकेल, नो म्हणजे हरेल. उमेदवार जिंकला तर येसवाल्याला एक डॉलर, हरला तर शून्य, नोवाल्याचं उलट. म्हणून ७२ सेंट म्हणजे ७२ टक्के वाटतं. पण तो ७२ आला कुठून ते बघा. पॉलीमार्केट या मार्केटवर मोठ्या अक्षरात जो आकडा दिसतो तो बिड (घेणाऱ्याचा भाव) आणि आस्कच्या (विकणाऱ्याचा भाव) बरोबर मधला असतो, पण दोघांतलं अंतर १० सेंटच्या वर गेलं की तिथे शेवटच्या सौद्याचा भाव दाखवतात. आता समजा तुम्ही एखाद्या डिस्ट्रिक्टचं बुक उघडलं आणि घेणारा ६१ ला उभा आहे, विकणारा ७४ ला, दोन्हीकडे मागे पाचसहाशे डॉलर, आणि दुपारी कोणीतरी ७२ ला पन्नास डॉलरचं येस उचललं. झालं, स्क्रीनवर ७२. तो पन्नास डॉलरवाल्या एका माणसाचा भाव आहे, मार्केट म्हणतंय ते फक्त एवढंच की ६१ ते ७४ च्या मध्ये कुठेतरी. व्हॉल्यूम नसलेल्या स्मॉलकॅप शेअरमध्ये दहा शेअरच्या सौद्याने भाव अप्पर सर्किटला जातो ना, तसंच हे, फक्त इथे त्या आकड्याला लोक टक्के म्हणतात म्हणून तो जास्त शास्त्रीय वाटतो.

आणि इतकं पातळ बुक हलवायला फार पैसे लागत नाहीत. २०१२ मध्ये इंट्रेड नावाच्या मार्केटवर एकाच ट्रेडरने रिपब्लिकन उमेदवार रॉम्नीच्या बाजूने जवळपास ४० लाख डॉलर घातले होते, ते प्रेसिडेंटचं मार्केट होतं तरी भाव त्या एका माणसाने बराच काळ धरून ठेवला. डिस्ट्रिक्टमध्ये त्याच्या हजाराव्या भागात काम होतं, चार हजार डॉलरमध्ये भाव दहाबारा सेंट वर नेऊन स्क्रीनशॉट काढला की 'मोमेंटम' तयार. म्हणून भाव अचानक उडाला की मी आधी बातमी शोधतो, आणि बातमी सापडली नाही तर दुसऱ्या दिवसापर्यंत काहीही ठरवत नाही, बहुतेक वेळा तो तोवर परत जागेवर आलेला असतो.

मार्केटची रचनाही भावात उतरते. आयोवा युनिव्हर्सिटीचं मार्केट १९८८ पासून चालू आहे, ते अभ्यासासाठी, रकमा छोट्या. प्रेडिक्टइट हे दुसरं मार्केट २०१४ ला आलं, तिथे एका काँट्रॅक्टमध्ये एका माणसाला ८५० डॉलरच्या वर लावता येत नव्हतं, शिवाय नफ्यावर १० टक्के आणि पैसे काढताना ५ टक्के कापले जायचे, त्यामुळे भाव चुकलाय हे दिसत असूनही तो सुधारायला मोठा पैसा येऊच शकत नव्हता, आणि पाचसहा उमेदवारांच्या प्रायमरीत (पक्षाचं तिकीट कोणाला हे ठरवणारी निवडणूक) सगळ्यांच्या येसची बेरीज १०० च्या बरीच वर जायची. काल्शी या मार्केटने सीएफटीसी या सरकारी नियामकाविरुद्ध कोर्टात केस जिंकली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अपील कोर्टाने स्थगिती नाकारली, तेव्हापासून अमेरिकेत निवडणुकीच्या काँट्रॅक्टमध्ये मोठा पैसा कायदेशीरपणे यायला लागला. पण तो पैसा जातो कुठे, तर प्रेसिडेंट, सेनेट आणि हाऊस कोणाकडे जाणार यावर. ४३५ डिस्ट्रिक्टमधल्या एखाद्या कोपऱ्यातल्या सीटवर तो येत नाही, तिथे बुक अजून पातळच असतं.

आता नव्वदीच्या वरचे भाव. मिशिगन १३ म्हणजे डेट्रॉइटचा मोठा भाग आणि आजूबाजूची वेन काउंटीतली (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) उपनगरं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ठाणेदार इथून ७१ टक्के मतांनी निवडून आले. अशा डिस्ट्रिक्टमध्ये 'कोणता पक्ष जिंकेल' या मार्केटवर डेमोक्रॅटचा भाव ९७-९८ ला जाऊन बसतो आणि लोक विचारतात, बाकीचे २-३ टक्के रिपब्लिकनचे का? तर नाहीत. निवडणुकीला आठ महिने आहेत आणि येस ९७ ला मिळतंय असं धरा, ९७ सेंट अडकवून तुम्हाला ३ सेंट मिळणार, म्हणजे आठ महिन्यांत ३.१ टक्के. ट्रेझरी बिलं (अमेरिकी सरकारचे अल्पमुदतीचे रोखे) वर्षाला ४ टक्क्यांच्या आसपास देत असतील तर तितक्याच काळात काहीही डोकं न लावता २.७ टक्के मिळतात. मग ९७ चा ९९ करायला कोण कशाला पैसे अडकवेल. या टोकाला जो आकडा दिसतो तो मतदारांपेक्षा व्याजदराबद्दल जास्त सांगतो (काही ठिकाणी अडकलेल्या पैशावर व्याज देतात, तिथे हा फरक कमी होतो). खालच्या टोकाला ३ सेंटवर पडलेल्या उमेदवाराचंही हेच, त्याची शक्यता ३ टक्के आहे असं कोणी मानत नसतं, त्याच्याविरुद्ध पैसे लावणं परवडत नाही इतकंच.

म्हणून मिशिगन १३ मध्ये बघण्यासारखं मार्केट एकच, ऑगस्टमधल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीचं. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला आपला मराठी माणूस तिथे उभा असल्यामुळे आपल्या लोकांचा जीव त्या आकड्यात अडकतो ते मी समजू शकतो, माझाही अडकतो, पण आकडा वाचताना ते बाजूला ठेवायला लागतं. २०२२ ची प्रायमरी बघा. नऊ उमेदवार, ठाणेदार २८ टक्क्यांवर जिंकले. मिशिगनमध्ये प्रायमरीला रनऑफ (पहिल्या दोघांची दुसरी फेरी) नाही, सगळ्यात जास्त मतं ज्याची तो तिकीट घेऊन जातो, मग २८ असोत की ५८. डेट्रॉइटमधली बाकीची मतं बाकीच्या उमेदवारांमध्ये वाटली गेली आणि ठाणेदारांकडे स्वतःचा पैसा होता, टीव्हीवर त्यांची जाहिरात सतत चालू. म्हणजे अशा प्रायमरीत ठाणेदारांचा भाव ठरवताना पहिला प्रश्न 'ते किती लोकप्रिय आहेत' हा नसतोच, 'समोर किती जण उरणार' हा असतो. समोरचे तीन राहिले तर एक भाव, एकाने माघार घेऊन दुसऱ्याला पाठिंबा दिला तर पूर्ण वेगळा भाव, आणि मतदार मात्र तेच. टेक्सससारख्या राज्यात पन्नास टक्के मिळाले नाहीत तर रनऑफ होतो, तिथे हे गणित उलटं चालतं, पहिल्या फेरीत २८ टक्के घेऊन पुढे असलेला माणूस दुसऱ्या फेरीत हरू शकतो.

२०२४ ला तर त्याहून स्पष्ट झालं. २०२२ मध्ये दुसरे आलेले ॲडम होलियर परत उभे राहिले होते, सगळ्यांना वाटत होतं की खरी लढत हीच. पण मिशिगनमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराला १००० वैध सह्यांचा अर्ज भरावा लागतो, त्यांच्या सह्या तपासल्या तर पुरेशा वैध निघाल्या नाहीत आणि मे महिन्यात वेन काउंटीच्या क्लार्कने (उमेदवारी अर्ज तपासणारा काउंटीचा अधिकारी) त्यांना बॅलटवरूनच, म्हणजे मतपत्रिकेवरूनच, काढलं. प्रचार, पोल, देणग्या सगळं एका फटक्यात बाजूला. ठाणेदारांनी ती प्रायमरी अर्ध्याहून जास्त मतं घेऊन जिंकली. सह्यांची हरकत दाखल होते, क्लार्ककडे तपासणी चालते, हे सगळं सार्वजनिक कागदावर असतं आणि निकालाच्या आधी काही आठवडे असतं. डिस्ट्रिक्टच्या मार्केटमध्ये खरी माहिती अशा ठिकाणी पडलेली असते, टीव्ही चॅनेलवर नाही, आणि जो वाचेल त्याला ती फुकट मिळते.

पोल आणि मॉडेलबद्दल. डिस्ट्रिक्टचे पोल फार कमी होतात, जे होतात त्यातले कित्येक उमेदवारांनी किंवा पक्षांनी स्वतःच करून घेतलेले आणि सोयीचे तेवढेच बाहेर सोडलेले. मग निकालाचा अंदाज काढणारं गणिती मॉडेल काय करतं, तर मागच्या निवडणुकीत डिस्ट्रिक्ट कुठे झुकलं होतं, देशात वारं कुठलं आहे आणि देणग्या किती, यावरून आकडा काढतं. मार्केटवाले तोच आकडा बघून भाव लावतात. म्हणजे दोन वेगवेगळे पुरावे दिसत असले तरी मूळ एकच आहे. २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या तिसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये फाइव्हथर्टीएट या निवडणूक-अंदाजाच्या साइटच्या मॉडेलने रिपब्लिकन जो केंटला १०० पैकी ९८ दिले होते. जिंकल्या डेमोक्रॅट मेरी ग्लुसेनकॅम्प पेरेझ, तीन हजारांहून कमी मतांनी. मॉडेलला दिसलं नाही ते असं: तिथल्या रिपब्लिकन खासदार हेरेरा ब्यूटलर यांनी ट्रम्पच्या महाभियोगाच्या बाजूने मत दिलं होतं, ऑगस्टच्या प्रायमरीत त्या बाहेर फेकल्या गेल्या, आणि त्यांच्या मतदारांतला एक भाग केंटकडे वळलाच नाही. त्याच निवडणुकीत कोलोराडोच्या तिसऱ्यामध्ये रिपब्लिकन बोबर्ट सुरक्षित समजल्या जात होत्या, त्या ५४६ मतांनी वाचल्या. डिस्ट्रिक्टमध्ये उमेदवार कोण आहे हे राज्यापेक्षा आणि देशापेक्षा जास्त महत्त्वाचं असतं, कारण सातआठ लाख लोकवस्तीच्या भागात एका माणसाचं नाव, गाव आणि वागणूक लोकांना माहीत असते.

अजून एक, जिंकण्याचा भाव फरकाबद्दल काही सांगत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये टेनेसीच्या सातव्यात पोटनिवडणूक झाली, वर्षभर आधी ट्रम्प तिथे २२ पॉइंटनी जिंकले होते, रिपब्लिकन मॅट व्हॅन एप्स ९ च्या आसपास फरकाने आले. येसवाल्याला डॉलर मिळाला, विषय संपला. राजकारणात मात्र १३ पॉइंट सरकले हीच मोठी बातमी होती.

आता मतमोजणीची रात्र, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. दोन राज्यं शेजारी ठेवून बघा. आयोवात पोस्टाने टाकलेलं मत मतदान संपायच्या आत पोहोचलं पाहिजे, नाहीतर धरत नाहीत. म्हणजे त्या रात्रीनंतर मोजायचं फार काही उरत नाही. २०२४ मध्ये आयोवाच्या पहिल्या डिस्ट्रिक्टमध्ये मिलर-मीक्स ७९९ मतांनी जिंकल्या, रिकाउंट झाला, निकाल हलला नाही. कॅलिफोर्नियात त्या निवडणुकीला सगळ्या मतदारांना घरी बॅलट गेलं होतं, मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का असेल तर पुढचे सात दिवस आलेलं मत धरायचे, त्यात सही जुळली नाही तर मतदाराला कळवून ती सुधारायची संधी द्यायची, त्याच दिवशी नाव नोंदवून टाकलेली मतं आणखी शेवटी. २०२४ ला कॅलिफोर्नियाच्या तेराव्यामध्ये, म्हणजे मर्सेड काउंटी आणि आजूबाजूचा सेंट्रल व्हॅलीचा पट्टा, रिपब्लिकन जॉन ड्युआर्ते आठवडेच्या आठवडे पुढे होते. दोन्ही बाजूंचे लोक घरोघरी जाऊन सह्या दुरुस्त करून घेत होते. निकाल जाहीर झाला ३ डिसेंबरला आणि डेमोक्रॅट ॲडम ग्रे १८७ मतांनी जिंकले, दोन लाखांवर मतांमध्ये. ऑरेंज काउंटीकडच्या ४५ व्या डिस्ट्रिक्टमध्ये रिपब्लिकन मिशेल स्टील आधी पुढे होत्या, डेमोक्रॅट डेरेक ट्रॅन ६५३ मतांनी आले.

म्हणजे '८०० मतांची आघाडी' हा आकडा आयोवात जवळजवळ निकाल असतो आणि कॅलिफोर्नियात काहीच नसतो. तिथे काय करायचं ते सांगतो. राज्याचं सेक्रेटरी ऑफ स्टेटचं (निवडणुका बघणाऱ्या अधिकाऱ्याचं) ऑफिस काउंटीप्रमाणे किती बॅलट मोजायचे राहिलेत त्याचा रिपोर्ट टाकतं. समजा तुमचा उमेदवार १५०० ने मागे आहे आणि डिस्ट्रिक्टमधले १०,००० राहिलेत. बरोबरीला त्याला उरलेल्यातले ५७.५ टक्के लागतात. मग मागच्या दोनतीन बॅचमध्ये त्याच काउंटीत त्याला किती पडतायत ते काढा, ५८ पडत असतील तर शर्यत जवळपास सारखी आहे, स्क्रीनवर पुढच्याचा भाव ७५ का असेना. आणि काउंट्यांची अपडेट टाकायची वेळ आणि वार वेगवेगळे असतात, एका काउंटीची बॅच त्याच्या बाजूची आणि दुसरीची विरुद्ध, त्यामुळे भाव मागेपुढे झोके खातो आणि नवीन माणूस प्रत्येक झोक्याला वरच्या भावात घेतो. 'उशिरा मोजलेली मतं डेमोक्रॅटचीच' हेही पाठ करून ठेवू नका, मी वर सांगितलेल्या वॉशिंग्टनच्या तिसऱ्यात पेरेझची आघाडी नंतरच्या मोजणीत कमी होत गेली होती.

नियमांचं तर मी हात जोडून सांगतो, वाचा. काँट्रॅक्टमध्ये 'जिंकेल' लिहिलंय, 'सर्टिफाय होईल' (निकाल अधिकृतपणे मान्य होईल) लिहिलंय की 'शपथ घेईल' लिहिलंय, आणि कोणत्या तारखेपर्यंत. २०१८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या नवव्यात मार्क हॅरिस ९०५ मतांनी पुढे होते, पण ॲबसेंटी बॅलटमध्ये (पोस्टाने येणाऱ्या मतांत) गैरप्रकार निघाले, राज्याच्या बोर्डाने निकाल सर्टिफाय केलाच नाही, परत निवडणूक लावली, ती सप्टेंबर २०१९ ला झाली आणि निवडून आले डॅन बिशप, जे आधीच्या लढतीत नव्हतेच. पक्षाच्या काँट्रॅक्टवर आणि उमेदवाराच्या काँट्रॅक्टवर याचा हिशोब पूर्ण वेगळा होतो. २०२० मध्ये आयोवाच्या दुसऱ्यात मिलर-मीक्स ६ मतांनी जिंकल्या, तीन लाख नव्वद हजारांवर मतांमध्ये सहा, समोरच्या रीटा हार्ट थेट हाऊसकडे दाद मागायला गेल्या आणि मार्च २०२१ च्या शेवटी माघार घेतली. तोवर पैसे कुणाचे, हे फक्त नियमातल्या एका ओळीवर ठरतं. मेन राज्याच्या दुसऱ्यात रँक्ड चॉइस मतदान (उमेदवारांना पसंतीक्रम देण्याची पद्धत) आहे, २०१८ ला पहिल्या पसंतीत पोलिक्विन पुढे होते आणि बाकीच्यांची मतं वळवल्यावर गोल्डन जिंकले. पहिल्या मोजणीत पुढे दिसतोय म्हणून तिथे ९५ ला घेणं म्हणजे पैसे फेकणं.

डिस्ट्रिक्टचा नकाशाही तपासा. २०२५ मध्ये टेक्ससने मध्येच नवा नकाशा केला, उत्तरादाखल कॅलिफोर्नियाने नोव्हेंबरमध्ये प्रॉप ५० हा प्रस्ताव मतदानाने मंजूर करून आपला बदलला, आणखी काही राज्यांनीही केलं. नंबर तोच राहतो आणि आतले मतदार बदलतात, आणि लोक जुन्या निकालावरून भाव लावत बसतात.

मी स्वतः भाव बघायच्या आधी माझा आकडा कागदावर लिहितो. डिस्ट्रिक्टचा झुकाव, मागचे दोन निकाल, समोर कोण, एफईसीकडे (केंद्रीय निवडणूक आयोगाकडे) भरलेले तिमाही हिशोब आणि त्यात हातात शिल्लक किती, आणि राष्ट्रीय पक्षसमित्यांनी टीव्हीचा वेळ कुठे बुक केला आणि कुठे रद्द केला. हे शेवटचं फार बोलकं आहे, समितीकडे स्वतःचे पोल असतात आणि ती दाखवत नसली तरी ऑक्टोबरमध्ये एखाद्या सीटवरचा पैसा काढून दुसरीकडे नेला की तिला काय दिसलं ते कळतं. माझा आकडा ६५ आणि बुक ६१-७४ असेल तर मी काहीच करत नाही. बुक ८० च्या वर असेल तर मी 'मला काय माहीत नाही' ते आधी शोधतो. आणि कधीही मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला घ्या अशी ऑर्डर) नाही, पातळ बुकात ती टाकली की ७४ पासून ८५ पर्यंत सगळं तुम्हीच उचलता.

भारतात बसून वाचणाऱ्यांसाठी स्पष्टच सांगतो. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केलेत, त्याआधी एप्रिलमध्ये सेबीने ओपिनियन ट्रेडिंगवर (घटना घडेल की नाही यावर पैसे लावण्यावर) आपलं कुठलंही संरक्षण मिळत नाही असं बजावलं होतं. व्हीपीएन आणि क्रिप्टो वापरून कसं करायचं हे शिकवणारे व्हिडिओ पोरं बघतात, त्यात पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही. भाव वाचायला मात्र कोणाची बंदी नाही आणि वाचण्यात मजाही आहे.

तुम्हाला मिशिगन १३ च फॉलो करायचं असेल तर एप्रिलमध्ये अर्ज भरायची मुदत संपली की वेन काउंटी क्लार्ककडची उमेदवारांची यादी आणि सह्यांवरच्या हरकती बघा, जुलैमध्ये एफईसीचे तिमाही आणि प्रायमरीआधीचे हिशोब बघा, प्रत्येक वेळी आपला आकडा लिहा आणि शेजारी त्या दिवशीचे बिड आणि आस्क दोन्ही लिहा, मधला एकच आकडा लिहू नका.